पतंगांच्या दिवशी गवतावर

माझी बायको विमान चालवायची हे कळलं की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि विचारतात, "आणि तुम्ही?" मी खरं ते सांगतो. मी बाकावर बसायचो.

साठचं दशक सरता सरता माझी कलकत्त्याला बदली झाली. केंद्र सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या खात्यात मी होतो. दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड उचलायचं, मुलीची शाळा बदलायची, नव्या गावात हिंग कुठे चांगला मिळतो ते शोधायचं, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. क्वार्टर मिळालं डमडमला, विमानतळाला जवळजवळ लागूनच. मोठी विमानं आमच्या गच्चीवरून इतकी खालून जात की माझी आई पापडांच्या वाळवणावर हात आडवा धरून उभी राहायची. विमान गेलं की पापड मोजायची.

चौथ्या हिवाळ्यात ऑफिसची सहल निघाली ती शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, बेहालाच्या पलीकडे. तिथे एका फ्लाइंग क्लबचं मैदान होतं. सिमेंटची धावपट्टी नव्हती, नुसतं गवत. उत्तर-दक्षिण लांब, पूर्व-पश्चिम त्याच्या निम्म्याहून थोडं कमी. पूर्वेला पत्र्याचं हँगर, उत्तरेला वस्ती, पश्चिमेला भाताची शेतं आणि तळी. सहलीला आलेल्यांना दोन आसनांच्या छोट्या विमानातून दहा मिनिटांची फेरी मिळत होती. माझ्या फेरीत मी डोळे मिटून एकोणतीसचा पाढा म्हटला आणि खाली उतरल्यावर हँगरच्या मागे जाऊन ओकलो. बायको खाली उतरली ती तशीच पंखाजवळ उभी राहिली आणि इन्स्ट्रक्टरला म्हणाली, "सर, जमीन आली हे तुम्हाला नेमकं कधी कळतं?"

इन्स्ट्रक्टर हवाई दलातून निवृत्त झालेले बंगाली गृहस्थ होते. उंच, सुकलेले, इस्त्रीच्या खाकी पँटीतले. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सगळे विचारतात, किती उंच गेलो. हे आजवर कुणी विचारलं नाही. शिकायला या."

परतीच्या ट्राममध्ये ती म्हणाली, "अहो, जाऊ का मी?"

मी तीन प्रश्न विचारले. भाडं काय, दिवस किती लागतील आणि पडलं तर काय. पहिल्या दोहोंची उत्तरं ती घेऊनच आली होती. "तिसऱ्याचं त्यांनी दिलं नाही," ती म्हणाली. विमान क्लबचं, भाडं तासावर, आणि तास मोजायचा तो पुढचा पंखा फिरायला लागल्यापासून थांबेपर्यंत. मला ही पद्धत आवडली. तिच्यात वादाला जागा नव्हती. घरी आई म्हणाली, "भाड्याची सायकल ऐकली होती बाई."

मग वर्षभर जवळजवळ दर रविवारी आम्ही दोघं पहाटे डमडमहून निघायचो. बस, मग एस्प्लनेडहून बेहालाची ट्राम, मग रिक्षा. ती साडी नेसून निघायची आणि क्लबच्या खोलीत माझी जुनी पँट घालायची. पँट तिने स्वतः आखूड केली होती. पायाखाली पेडलं असतात, तिथे साडीचं काही चालत नाही. मी बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसायचो आणि ते कधीही पहिल्या पानापलीकडे वाचायचो नाही.

तिथे बसून मला जे कळलं ते असं, की विमान चढवणं ही गोष्ट इंजिन करतं. उतरवणं माणसाला करावं लागतं. त्यातही ते विमान जुन्या धाटणीचं, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली एक चिमुकलं. तिन्ही चाकं एकदम टेकायला हवीत. पुढची आधी आपटली तर विमान चेंडूसारखं उसळतं. इन्स्ट्रक्टर तिला सांगायचे, "तुम्ही उतरवायचंच नाही. जमिनीपासून हातभर वर धरून ठेवा आणि उतरू देऊ नका. उतरू देऊ नका, उतरू देऊ नका, आणि ते दमून आपणहून बसेल." मला हे पटायचं नाही. ज्या कामासाठी भाडं भरायचं तेच होऊ द्यायचं नाही, हे कसलं शिकवणं? पण ज्या दिवशी तिला ते जमलं त्या दिवशी बाकावरूनही दिसलं. विमान गवतावर आलं, तरंगत राहिलं, वाटलं की आता पुढच्या कुंपणात जाणार, आणि मग काहीच झालं नाही. फक्त चाकांभोवतीचं गवत हलायला लागलं. ती उतरलेली होती.

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तरही गवतातच होतं. वरून गवत नुसता हिरवा रंग असतं. खाली येता येता एका क्षणी त्या रंगाच्या काड्या होतात. काड्या वेगळ्या दिसल्या की विमान चालवायची हातातली काठी मागे ओढायला लागायचं. सिमेंटवर असलं काही दिसत नाही, म्हणून इन्स्ट्रक्टर म्हणायचे, गवतावर शिकलेला माणूस कुठेही उतरेल, सिमेंटवर शिकलेला फक्त सिमेंटवर. त्या गवतावर गाई चरायच्या आणि गाईंबरोबर बगळे. त्यामुळे उतरण्याआधी एकदा खालून फेरी मारून त्यांना हाकलावं लागायचं. गाई सावकाश बाजूला व्हायच्या. मैदान त्यांचं आहे आणि विमान पाहुणं, असा त्यांचा समज असावा.

हँगरचा मिस्त्री तिला 'बौदी' म्हणायचा, म्हणजे वहिनी, आणि मला 'दादा'. तो माझ्याजवळ येऊन विचारायचा, "दादा, आज बौदी किती वेळा उसळली?" मी आकडा सांगायचो. एकदा तिने हे ऐकलं. "हे बघा, मोजायचं ते ऑडिट ऑफिसात," ती म्हणाली. त्यानंतर मी मनातल्या मनात मोजू लागलो.

एक गोष्ट मात्र तिला येत नव्हती. वारा समोरून असला की ती सुरेख उतरायची. आडवा असला की विमान वाऱ्याबरोबर बाजूला सरकायचं आणि तशाच तिरक्या चाकांनी टेकायचं. "मॅडम, हा खेकडा नाही, विमान आहे," इन्स्ट्रक्टर म्हणायचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ज्या बाजूने वारा येतो तिकडचा पंख जरा खाली झुकवायचा आणि उलट्या पायाने पेडल दाबून नाक सरळ ठेवायचं. म्हणजे हात एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि चाक टेकतं ते आधी एकच. तिला ऐकताना सगळं कळायचं. वर गेल्यावर तिचे हात आणि पाय एकाच बाजूला जायचे.

सप्टेंबरच्या सुरुवातीला माझी बदलीची ऑर्डर आली. महिन्याभरात मध्य प्रदेशातल्या एका गावी रुजू व्हायचं होतं. तिथे फ्लाइंग क्लब नव्हता, आजूबाजूला दोनशे मैलांत नव्हता. तिला लायसन्ससाठी बाकी सगळं झालं होतं. एकच उरलं होतं: एकटीने विमान दुसऱ्या मैदानावर नेऊन उतरवायचं, आणि परत आणायचं. ते झालं, नियमाप्रमाणे झालं, आणि इन्स्ट्रक्टरने सही केली, तर कागद पुढे जाणार. पाऊस अजून संपला नव्हता. चांगला दिवस पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नव्हतं. म्हणजे ही एकच संधी, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती त्या आठवड्यात स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना पाय जमिनीवर दाबून बघायची. डावा, उजवा. आई म्हणाली, "हिला मुंग्या येतात का रे?"

दिवस ठरला. मैदान बांकुड्याच्या बाजूला होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेलं आणि मग सोडून दिलेलं. तिथेही आता गवतच. एक राखणदार आणि शेजारच्या गिरणीत एक टेलिफोन, एवढीच सोय. जायला तास-सव्वा तास, यायला तितकाच. तिथे पेट्रोल मिळत नाही, पण टाकी तीन तासांची. मी गणित तीनदा केलं. ती सकाळी गेली. दुपारी यायची होती. दुपारी क्लबला निरोप आला की उतरली आहे, ठीक आहे, पण पाऊस लागला आहे, उद्या सकाळी उघडीप मिळाली की निघते. इन्स्ट्रक्टर म्हणाले, "बरोबर केलं तिने. पावसात निघाली असती तर मी सही केली नसती." मी डमडमला परतलो. आईने फक्त विचारलं, "जेवायला काय मिळालं असेल तिला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रामने बेहालाकडे निघालो. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि मी खुशीत होतो. मग खिदिरपूरच्या पुढे माझं लक्ष वर गेलं. गच्च्यांवर माणसं होती. प्रत्येक गच्चीवर. बाप, मुलं, काका, कुणी पत्र्यावर चढलेलं. आणि वर पतंग. चार-दोन नव्हे, ओळीच्या ओळी. कुठूनतरी 'भो-काट्टा!' अशी आरोळी उठली आणि कापलेला एक पतंग लांबलचक मांजा मागे सोडत उत्तरेकडे निघाला.

"आज काय आहे?" मी कंडक्टरला विचारलं.

"विश्वकर्मा पूजा, दादा! तुम्ही कलकत्त्यात नवे?"

नवा नव्हतो. चौथं वर्ष संपत आलं होतं. विश्वकर्मा पूजा मला माहीत होती. त्या दिवशी ऑफिसची गाडी मिळत नाही, कारण ड्रायव्हर गाडीला हार घालून बसतो. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात, इथे भाद्रपदात, एवढाच मी फरक समजलो होतो. पतंग मात्र माझ्या डोक्यात संक्रांतीशी बांधलेले. आमच्या कॉलनीत, विमानतळ शेजारी म्हणून, पतंग उडवू देत नसत. त्यामुळे इतक्या वर्षांत या दिवसाचं आकाश आम्ही दोघांनीही पाहिलेलं नव्हतं. आणि ती आत्ता त्या आकाशाकडे यायला निघाली होती. विमानात रेडिओ नव्हता. तिला सांगायला कुठलाही मार्ग नव्हता.

मी मैदानावर पोचलो तेव्हा हँगरच्या दारात देव मांडला होता. क्लबच्या दुसऱ्या विमानाला झेंडूची माळ होती. खाली लाल कापडावर सगळी हत्यारं ओळीने, पाने, हातोडे, पक्कड, प्रत्येकावर शेंदराचं बोट. मिस्त्री नव्या बनियनमध्ये होता. इन्स्ट्रक्टर धोतर नेसून होते. मी त्यांना कधी धोतरात पाहिलं नव्हतं आणि त्यांचा चेहराही तसा कधी पाहिला नव्हता.

"निघाली," ते म्हणाले. "गिरणीतून फोन आला. मी तो घेईपर्यंत तिने चाक उचललं होतं."

"मांजाने काय होतं?" मी विचारलं.

"पंखाला कापड असतं, ते फाटतं. किंवा मांजा बिजागरीत जातो आणि काठी हलत नाही. किंवा काहीच होत नाही." ते उत्तरेकडे बघत होते. वारा दक्षिणेकडून होता. म्हणजे तिला नेहमीप्रमाणे उत्तरेकडून, वस्तीवरून खाली यावं लागणार, वाऱ्याला तोंड देऊन. आणि त्या वस्तीवर मोकळी जागा उरली नव्हती.

"दुसरीकडे उतरेल?"

"डमडमला रेडिओशिवाय घेत नाहीत. तिच्याजवळ पेट्रोल किती उरेल?"

हे माझं गणित होतं. "पाऊण तास. कदाचित थोडं कमी."

ते पश्चिमेकडे वळले. भाताची शेतं, तळी, ताडाची झाडं. तिकडे गच्च्या नव्हत्या, म्हणून पतंग नव्हते. "तिकडून यायला हवं. आडव्या वाऱ्यात." मग हळूच म्हणाले, "तिचं नेमकं तेच कच्चं आहे."

हँगरसमोर गवतावर पांढरा टी होता. लाकडी फळ्यांचा, माणसाहून लांब. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा. तो ज्या दिशेने मांडला असेल त्या दिशेने विमानाने उतरायचं, असा नियम. वरून बोलायचं साधन तेवढं एकच. तो आत्ता उत्तर-दक्षिण होता. वाऱ्याने हलू नये म्हणून खुंट्यांना बोल्टांनी आवळलेला होता.

"पाना आण," इन्स्ट्रक्टर मिस्त्रीला म्हणाले.

मिस्त्री हलला नाही. "सर, आज?"

"आजच."

"आज हत्याराला हात लावत नाहीत, सर. पुजारी अजून यायचा आहे."

"तुझी बौदी पुजाऱ्याआधी येते आहे."

मिस्त्रीने देवाकडे पाहिलं. वाकून नमस्कार केला, काहीतरी पुटपुटला आणि लाल कापडावरचा पाना उचलला. त्याच्या बोटांना शेंदूर लागला. मग तो असा धावला की माझ्या आधी टीजवळ होता. बोल्ट गंजले होते. एक निघाला. दुसऱ्यावर त्याने लाथ मारली. तेवढ्यात आम्हाला आवाज आला.

ती पश्चिमेकडूनच येत होती, उंचावरून. वस्तीच्या कडेपर्यंत आली आणि तिने विमान वळवलं. मी खालून तो वळसा पाहिला आणि मला कळलं की तिने पतंग पाहिले आहेत. ती मैदानाभोवती एक मोठी फेरी मारू लागली. घाईत नव्हती. आपण बाजारात शिरण्याआधी कोपऱ्यावर उभं राहून बघतो, तसं ती बघत होती. "बघू दे, बघू दे तिला," इन्स्ट्रक्टर स्वतःशी म्हणाले.

तिसरा बोल्ट निघाला. तेव्हा भाताच्या बांधावरून दोन पतंग वर चढायला लागले. शेतातली पोरं. पश्चिमेची वाटही आता मिटायला लागली होती.

तिने ते आमच्याआधी पाहिलं असणार, कारण फेरी अर्धवट सोडून ती सरळ पश्चिमेला गेली, लांबवर वळली आणि त्या पोरांच्याही दक्षिणेकडून खाली यायला लागली. दक्षिणेकडून का, ते मला नंतर तिने सांगितलं. वारा दक्षिणेचा, म्हणून प्रत्येक मांजा उत्तरेला झुकलेला. पतंग उडवणाऱ्याच्या दक्षिणेला काहीच नसतं. वरून पाहिल्यावर, ती म्हणाली, सगळे मांजे विंचरलेल्या केसांसारखे एकाच बाजूला दिसत होते.

ताडांवरून ती आली ती जरा उंच आली. मैदानाची ती रुंदीची बाजू आखूड होती. विमान आमच्या दिशेने खाली येत होतं, उजवा पंख झुकलेला, पण चाकं अजून डोक्याएवढी वर आणि मैदान अर्धं संपलेलं. मग इंजिन गरजलं आणि ती हँगरवरून पुन्हा वर गेली. गाई आता कुठे उठल्या आणि पळाल्या.

"उतरली नाही!" मिस्त्री ओरडला.

"शाब्बास," इन्स्ट्रक्टर म्हणाले. वर्षभरात मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला, आणि तो न उतरल्याबद्दल होता. "दहातले नऊ आत्ता उतरले असते आणि हँगरमध्ये शिरले असते. उचला!"

शेवटचा बोल्ट निघाला होता. मी टीचं एक टोक उचललं, मिस्त्रीने दुसरं. फळ्या पावसाने भिजून जड झाल्या होत्या. आम्ही टी फिरवायला लागलो आणि पाव वळण झालं असेल-नसेल तेवढ्यात ती पुन्हा ताडांवर दिसली. या वेळी त्यांच्या वरून नाही. दोन ताडांच्या मधून.

"हलू नका," इन्स्ट्रक्टर म्हणाले. "धावलात तर ती वळवेल. उभे राहा."

आम्ही टी हातात धरून उभे राहिलो. ती सरळ आमच्याकडे येत होती.

मी हिशेबाचा माणूस. मला सुंदर वगैरे शब्द वापरता येत नाहीत. मी जे पाहिलं ते सांगतो. विमान बाजूला सरकत नव्हतं. उजवा पंख खाली होता, नाक मात्र सरळ आमच्यावर रोखलेलं, आणि ती स्थिती बदलत नव्हती. जणू विमान तसंच वाकडं बनवलेलं होतं. गवताच्या वर हातभर आलं आणि तिथे राहिलं. उजवं चाक टेकलं. एकटंच. ओल्या गवतातून पाण्याची एक बारीक धार उडाली. डावं चाक अजून हवेत, आणि ती ते हवेत ठेवून होती, घाई नाही, ओढाताण नाही. मग शेपूट बसली, मग डावं चाक. वारा शेपटी ढकलायला बघत होता, पण विमान रेषेतून ढळलं नाही. ओल्या गवतावर ब्रेक फारसे लागत नाहीत. ती येतच राहिली. मला तिचा चेहरा दिसायला लागला. मग वेग मेला, पंखा थांबला आणि आमच्यापासून दोन रिक्षा उभ्या राहतील एवढ्या अंतरावर विमान उभं राहिलं.

गच्च्यांवरून भो-काट्टा ऐकू येत होतं.

ती उतरली. माझ्या पँटीच्या गुडघ्यांना चिखल होता. "अहो, ते खाली ठेवा ना," ती म्हणाली. "हात भरून येतील."

आम्ही टी खाली ठेवला. तो धड उत्तरेकडे नव्हता आणि धड पूर्वेकडे नव्हता.

इन्स्ट्रक्टरने आधी विमानाभोवती एक फेरी मारली. पंखांवरून हात फिरवला, बिजागऱ्या पाहिल्या. चाकाच्या खुणांवरून मागे चालत गेले, जिथे गवतात एकच रेघ होती तिथे थांबले आणि बराच वेळ खाली बघत उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीचा झाला होता. म्हणजे कडक.

"मॅडम, टी पाहिलात?"

"पाहिला, सर."

"कुठे होता?"

"पहिल्यांदा उत्तरेकडून दक्षिणेला. दुसऱ्यांदा आले तेव्हा हलत होता."

"टीच्या विरुद्ध उतरायचं नसतं. शंका असेल तर तो स्थिर होईपर्यंत फेऱ्या मारायच्या. तुमच्याकडे पेट्रोल होतं."

"होतं. पण बांधावर तिसरा पतंग चढत होता, सर. अजून दोन फेऱ्या मारल्या असत्या तर यायला जागा उरली नसती."

"ते मला मान्य आहे. उतरणं मला मान्य आहे. माझ्या विद्यार्थ्यांत असं कुणी..." ते थांबले. "पण मला लिहावं लागतं की सगळं नियमाप्रमाणे झालं. मी खोटं लिहीत नाही. तुम्ही टी मोडलात."

तिने मान हलवली. ती वाद घालणारी नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं, आणि आमच्या बदलीला उरलेले दिवस, पाऊस, क्लबची विमानं, सगळं माझ्या डोक्यात एकदम आलं. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली असती, पण ढग तिला विचारून येणार नव्हते.

"तुम्ही ऑडिटमध्ये ना?" इन्स्ट्रक्टर माझ्याकडे वळले. मला वाटतं त्यांनाच वाट हवी होती. "तुम्ही सांगा. चाक टेकलं तेव्हा टी कोणत्या दिशेला होता?"

बायकोसाठी खोटं बोलायची वेळ आली असती तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. ती आली नाही. "कोणत्याच दिशेला नव्हता," मी म्हणालो. "जमिनीवरच नव्हता. एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं यांच्या. आमच्याकडे अर्धवट लिहिलेल्या नोंदीला नोंद म्हणत नाहीत. ती आहे असंही धरत नाहीत आणि तिच्याविरुद्ध कुणी वागलं असंही धरत नाहीत."

मिस्त्रीला सगळं कळलं नव्हतं, पण बाजू कळली होती. "खरं आहे, सर. हातात होता. फार जड होता."

इन्स्ट्रक्टरनी धोतराचा सोगा झटकला. "मैदानावर टी नसेल तर," ते सावकाश म्हणाले, "दिशा वैमानिकाने ठरवायची. नियम आहे." मग हसले. त्यांचे दात मी प्रथमच पाहिले. "आणि वैमानिकाने ती फार चांगली ठरवली."

सही त्यांनी तिथेच केली, माझ्या पेनने, कारण धोतराला खिसा नव्हता. आम्ही कलकत्ता सोडण्याच्या आठवडाभर आधी लायसन्स हातात पडलं. तिने नंतर कुठे कुठे विमान उतरवलं ते तिने सांगावं. मी तिला पुष्कळदा उतरताना पाहिलं आहे, सिमेंटवरही. पण गवतातली ती एक रेघ मला अजून जशीच्या तशी दिसते.

पुजारी आला. तिच्या विमानाला हार घातला, पंख्याला शेंदूर लावला, आणि उचललेला पाना मिस्त्रीने पुसून पुन्हा लाल कापडावर ठेवला. मग हँगरच्या फरशीवर सगळ्यांना खिचुरी वाढली, भाजलेल्या मुगाची, वर वांग्याचं काप. ती माझ्या शेजारी मांडी घालून बसली. आदल्या रात्री गिरणीच्या माणसांनी तिला मुरमुरे आणि चहा दिला होता, एवढंच. तिने पहिला घास उचलला आणि तो बोटांतून पत्रावळीवर सांडला. दुसराही. याच हाताने तिने मघाशी विमान धरून ठेवलं होतं.

"सांडतंय गं," मी म्हणालो.

"थांबेल," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून जेवायला लागली.